डाव्या हाताचा खेळ

माझ्या सासूला मी आत्ती म्हणते. गडमुडशिंगीतल्या आमच्या गल्लीत बहुतेक सुना सासूला असंच म्हणतात. मी कोल्हापूर शहरातली, मास्तरांच्या घरातली. लग्न होऊन या शेतकऱ्याच्या घरात आले तेव्हा शब्द ऐकून माहीत होता, पण आत्तींचा आवाज मात्र अगदीच नवा होता. त्या गोठ्यात बोलल्या की रस्त्यानं जाणारा माणूस आपल्यालाच हाक मारली समजून थांबायचा. माझी पहिली भाकरी त्यांनी पाहुण्यांसमोर दोन बोटांत धरून वर केली होती आणि विचारलं होतं, "ही खायाची, का हिच्यानं भित्तीत खिळा ठोकायचा?" पाहुणे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तासाभरानं त्याच मला परातीपुढं बसवून पीठ कसं मळायचं ते दाखवत होत्या, जणू काही झालंच नव्हतं.

सासरे मी या घरात येण्याआधीच गेले होते. त्यांच्यामागं आत्तींनी म्हशी सांभाळल्या, ऊस सांभाळला, एकुलत्या एका मुलाला शिकवलं. स्वतःबद्दल त्या आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं "मी जातो, मी करतो" असंच बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते शोभायचंही. घरातला कर्ता पुरुष त्याच होत्या.

थंडीतली सकाळ होती. मी शाळेत जायच्या गडबडीत होते. मी कोल्हापुरात एका शाळेत शिकवते, स्कूटरवरून जाऊन-येऊन असते. मागच्या गोठ्यात दुधाची चरवी पडल्याचा आवाज आला. चरवी पडली म्हणजे पाठोपाठ म्हशीच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकू यायला हवा होता. तो आला नाही. मी हातातला डबा तसाच ठेवून मागं धावले. आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या. दूध शेणात मिसळून वाहत होतं. म्हैस शांतपणे रवंथ करत उभी होती.

"लाथ मारली हिनं," आत्ती म्हणाल्या. पण शब्द जिभेवरून घसरल्यासारखे आले, आणि तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. डावा हात मांडीवर पडला होता. कुणी दुसऱ्याचा हात आणून तिथं ठेवावा तसा.

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. गल्लीत म्हणाले, डाव्या अंगावरनं वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. जीव वाचला. थोड्या दिवसांनी बोलणं सुधारलं, काही महिन्यांत काठी घेऊन, डावा पाय ओढत का होईना, चालूही लागल्या. हात मात्र छातीशी आखडून राहिला.

घरी व्यायाम घ्यायला येणारे गृहस्थ भले होते, पण एके दिवशी तेही म्हणाले, "जेवढं यायचं तेवढं आलं, आता आहे ते टिकवायचं." हे त्यांनी आत्तींसमोरच सांगितलं. तेव्हापासून आत्तींनी व्यायाम सोडला. हातात दाबायला दिलेला मऊ चेंडू त्या खाटेखाली ढकलून द्यायच्या. मी काढून परत द्यायची.

"किती दाबू ह्याला? दूध निघतंय काय ह्यातनं?"

म्हशी आम्ही विकल्या. त्या नेल्या तेव्हा आत्तींनी भिंतीकडं तोंड केलं होतं. मग त्यांनी दिवसाचा बहुतेक वेळ तसाच, भिंतीकडं तोंड करून काढायला सुरुवात केली. भेटायला येणाऱ्या बायका "वयच झालं आता" म्हणून उसासे टाकायच्या आणि आत्ती मान हलवायच्या. आत्ती कुणाच्याही बोलण्याला मान हलवतात हे बघून मला जितकी भीती वाटली तितकी त्या दवाखान्यात असतानाही वाटली नव्हती. अशी दोन वर्षं गेली.

आम्ही पुन्हा बाहेर पडलो ते त्यांचा खांदा दुखायला लागला म्हणून. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तपासलं आणि कोल्हापुरातल्या एका फिजिओथेरपी केंद्रात पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट आजऱ्याकडची, तिशीच्या आतबाहेरची. तिनं खांदा बघितला, शेकला, हळूहळू हलवला. दोन-तीन खेपा अशाच झाल्या. मग एके दिवशी ती आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्याच्याखाली कॅमेऱ्याची एक लांबट पट्टी. समोर हात टेकवायची खुर्ची.

"आज्जी, बसा. समोर बघा. कोण दिसतंय?"

पडद्यावर खुर्चीत बसलेली एक आकृती होती, रंगीत सावलीसारखी.

"कोण बाई ही?"

"तुम्हीच की."

आत्तींनी उजवा हात वर केला. सावलीनं केला. त्यांनी खाली घेतला, तिनंही घेतला. मग बराच वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या. नंतर दातओठ खाऊन त्यांनी डावा हात उचलला. मांडीवरून चार बोटं उठला असेल. पडद्यावरच्या बाईचाही तेवढाच उठला.

"खोटं न्हाय बोलत," आत्ती हळूच म्हणाल्या.

मग पडद्यावर वरून फळं येऊ लागली. आंबे, पेरू, सीताफळं. सावकाश खाली तरंगत यायची. डावा हात त्यांना लागला की फळ टोपलीत. फिजिओनं ती अगदी जवळून आणि खालून येतील असं केलं होतं, आणि स्वतः आत्तींच्या कोपराला खालून आधार देऊन उभी होती. पहिली फळं सगळी निसटली. आत्ती आख्खं अंग डावीकडं टाकत होत्या, हात तिथंच. "अंग नको आज्जी, हात. खांदा वर नको. कोपर लांब करा." परत फळं. परत निसटली. आणि मग एक आंबा लागला. घंटी वाजली.

"घावला!" आत्ती ओरडल्या.

तो आवाज! बाहेर बसलेल्या माणसांनी दारातून डोकावून पाहिलं. दोन वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते. पुढचा आंबा सुटला तेव्हा तर त्यांनी पडद्याला एक शिवी हासडली. खेळ संपल्यावर घाम पुसत फिजिओला म्हणाल्या, "त्यो मोठा आंबा सुटला माझा. परत लाव."

मी आत्तींकडं पाहिलं. घरी चेंडू एकदा दाबा म्हणून मी हातापाया पडत होते, आणि इथं ही बाई परत लाव म्हणत होती.

परतताना रिक्षात बसल्यावर आत्ती म्हणाल्या, "पोरासोरांचा खेळ हाय." रिक्षा गावाच्या वेशीशी आली तेव्हा त्यांनी बाहेर बघत विचारलं, "आता परत कवा जायाचं?"

मी नंतर फिजिओला एकटीला गाठून विचारलं होतं, यानं हात परत येईल का? तिनं मला खोटी आशा दाखवली नाही. म्हणाली, "खेळ म्हणजे जादू नव्हे, मॅडम. हाताला परत परत तेच काम द्यायचं आणि हळूहळू ते अवघड करत न्यायचं, एवढंच आपण करतो. कप्पीवरून दोरी ओढूनही तेच होतं. पण दोरीचा कंटाळा येतो. आज्जींना आंबा सुटल्याचा राग येतो ना, तो आपल्या कामाचा." दोन वर्षांनीही फरक पडू शकतो का, असं विचारलं तर म्हणाली, "पडतो. थोडा पडतो, सावकाश पडतो. सगळा हात मागू नका. काय मागायचं ते आपण ठरवू."

केंद्रात वरचेवर जाणं मला शाळा सांभाळून जमेना. मग मला माळ्यावरचं खोकं आठवलं. माझा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे. त्यानं शाळेत असताना हट्टानं घेतलेला असाच खेळाचा संच, असाच कॅमेरा, बांधून ठेवला होता. आमचे हे फाउंड्रीत शिफ्टला असतात. सुट्टीच्या दिवशी त्यांनी तो खाली काढला, धूळ झटकली आणि सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या, टीव्हीला जोडला. त्यात कुठकुठले खेळ आहेत त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून मी फिजिओला दाखवला. मारामारीचे, उड्यांचे खेळ तिनं बाद केले. बाटल्या पाडायचा एक खेळ ठेवला: हात लांब करून चेंडू उचलायचा, मागं न्यायचा आणि समोरच्या बाटल्यांवर सोडायचा. लाटा चुकवत डावीकडं-उजवीकडं पाऊल टाकायचा आणखी एक खेळ ठेवला, पण तो फक्त कुणीतरी शेजारी उभं असताना. मागं खुर्ची हवी, जमीन कोरडी हवी, खांदा दुखला की थांबायचं, दम कोंडायचा नाही. हे सगळं तिनं मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

सोप्याचं दार रस्त्यावर. पहिल्याच संध्याकाळी शेजारची एक बाई दाराशी थांबली. आत्ती टीव्हीसमोर बसून हात फिरवत होत्या. ती हसत म्हणाली, "म्हातारी हवेत कुणाला झोडपती गं?"

आत्तींनी मान न वळवता सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला. ये आत, तुलाबी दावतो."

ती आत आली नाही. पण दार बंद करू का असं मी विचारलं तर आत्ती म्हणाल्या, "कशापायी? चोरी करतोय व्हय मी?"

आत्ती सुरुवातीला लबाडी मात्र करायच्या. मी स्वयंपाकघरात वळले की उजव्या हातानं चेंडू सोडायच्या. धडाधड बाटल्या पडल्याचा आवाज आला की मला कळायचं. मी बाहेर येऊन म्हणायची, "आत्ती, डावा." त्या म्हणायच्या, "त्या मशिनीला काय कळतंय डावा-उजवा?" मी म्हणायची, "मशीनला नाही, तुमच्या मेंदूला कळतं." त्यावर त्या पुटपुटायच्या, "मास्तरीण!"

या खेळात दोघांना पाळीपाळीनं खेळता यायचं. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर, चहा झाला की मी त्यांच्याबरोबर खेळायला लागले. मी चेंडू मुद्दाम कडेला टाकायची. आत्ती जिंकायच्या. मी टाळ्या वाजवायची, "वा आत्ती, आज पण तुम्हीच!" वर्गात पहिलीच्या मुलांशी बोलावं तसा माझा आवाज व्हायचा, हे माझ्या लक्षात नव्हतं. त्यांच्या होतं.

एके संध्याकाळी जिंकून झाल्यावर त्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

"टाक बघू परत."

मी चेंडू सोडला. तो नेहमीसारखा कडेनं गेला.

"तुला बाटल्या पाडाय येत न्हाईत?"

"नाही जमत मला आत्ती."

"काल पोरासंगट फोनवर बोलत बोलत एका हातानं सगळ्या पाडल्यास. मी काय आंधळा हाय?"

त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"कीव करतीस माझी. बघाय येत्यात त्या बायका कीव करत्यात, डॉक्टर करतोय, लेक माझा करतोय. आता तूबी. तुझी भाकरी कडक झालती तवा मी कीव केलती व्हय? तोंडावर सांगिटलं. शिकशील म्हनून सांगिटलं. मी बी शिकायलोय न्हवं? मग खेळायचं तर नीट खेळ, न्हाय तर ऊठ आन् भांडी घास."

मला राग आला. रागानंच मी उठले आणि चेंडू टाकला. सगळ्या बाटल्या आडव्या झाल्या. परत टाकला, परत झाल्या. आत्तींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या म्हणाल्या, "आता कसं!" आणि पदर कमरेला खोचून त्यांनी डावा हात लांब केला. चेंडू उचलायला त्यांना कितीतरी वेळ लागला. मी मदत केली नाही. चेंडू गेला तो एका बाजूच्या बाटल्या घेऊन गेला. मी जिंकले. त्या रात्री त्या माझ्याशी बोलल्या नाहीत आणि भाजीत मीठ कमी आहे एवढं मात्र आपल्या मुलाला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्या आधीच खुर्चीत बसल्या होत्या. मला गाडी लावूही दिली नाही. "चल, कालचं फेडायचं हाय."

त्यानंतर आमच्या घरात संध्याकाळी जो आरडाओरडा सुरू झाला त्याला तोड नाही. हे शिफ्ट संपवून आले की आधी दारात थांबून कान द्यायचे, की आज भांडण कुठल्या रंगात आलंय. मी हरायची नाही, सहजासहजी तर नाहीच. आत्ती पहिल्यांदा मला खरोखर हरवून गेल्या त्या दिवशी त्यांनी ज्याला फोन लावला नसेल असा नातेवाईक उरला नाही.

केंद्रात अधूनमधून जावंच लागायचं. तिथं एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे, त्यांच्या पत्नीसोबत. त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि त्याबरोबर बोलणंही. समोरचा काय म्हणतो ते समजायचं, पण शब्द बाहेर यायचा नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, नीट भांग, आणि डोळे कायम जमिनीवर. त्यांना खेळ आवडत नव्हता. दोरीच्या कप्पीचा व्यायाम ते निमूटपणे करायचे आणि फिजिओ त्यांना तोच देत होती. ती म्हणायची, सगळ्यांनाच खेळ मानवतो असं नाही.

आत्तींना हे पटेना. एका सकाळी त्यांनी आतल्या खोलीतून हाक मारली, "अवो पावणं! एकट्यानं खेळून कट्टाळा आलाय. या की."

मुख्याध्यापकांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांच्या पत्नी संकोचल्या. आत्ती कुठल्या ऐकायला! "भ्यालं बघा मास्तर! बाईमाणसाला भ्यालं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते उठले. फिजिओनं शेजारी खुर्ची लावली, दोघांसाठी फळांचा खेळ लावला. त्यांच्या उजव्या हाताला आधार देऊन ती उभी राहिली, आत्तींच्या डाव्या हाताशी मी. आत्तींची टोपली भरत होती आणि त्यांचं तोंड सुरूच होतं, "ह्यो माझा! त्योबी माझा! मास्तर, डोळं उघडा!" मुख्याध्यापकांचा चेहरा लाल होत चालला. एक मोठा आंबा अगदी त्यांच्या हातापाशी आला, त्यांनी हात रेटला आणि तो बोटभर अंतरावरून निसटला.

"आयला!"

स्पष्ट, खणखणीत. खोलीत सगळे थांबले. मुख्याध्यापकांनी स्वतःच दचकून तोंडावर डावा हात ठेवला. त्यांच्या पत्नी आधी हसल्या, मग भिंतीकडं वळल्या आणि त्यांचे खांदे हलू लागले. "चाळीस वर्षांच्या संसारात मी यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नाही हो," असं त्या डोळे पुसत म्हणत होत्या.

फिजिओनं त्यांना बाजूला नेऊन समजावलं, की असा रागाचा शब्द अचानक निघतो, म्हणजे आता लगेच बोलायला लागतील असं नाही, पण वाचा-उपचार करणाऱ्यांना हे जरूर सांगा. आणि खरंच, नंतर कितीतरी आठवडे ते काही बोलले नाहीत. पण खेळायला मात्र आपणहून येऊन बसायला लागले. आत्ती त्यांना बघून नुसत्या म्हणायच्या, "आलं बघा आयला-मास्तर," आणि त्यांच्या ओठांची उजवी कड वर जात नसली तरी डावी जायची.

सगळं असं चढतंच गेलं असतं तर किती बरं झालं असतं. एका दुपारी शाळेत मला शेजाऱ्यांचा फोन आला, आत्ती पडल्या. मी स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. सोप्यात त्या जमिनीवर बसल्या होत्या, दोन बायकांनी धरलेल्या. टीव्ही सुरू होता आणि त्यावर लाटा येत-जात होत्या. घरी कुणी नसताना त्यांनी उभं राहून पावलांचा खेळ लावला होता.

हाड मोडलं नव्हतं. कमरेला मुका मार, कोपर सोललेलं. पण संध्याकाळी हे आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि वायरी काढल्या, कॅमेरा काढला आणि सगळं परत खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. गोठ्यातली ती सकाळ त्यांच्याही डोळ्यांसमोर आली असणार.

आत्ती काही दिवस पडून राहिल्या. पुन्हा भिंतीकडं तोंड. मी घाबरले. हे मात्र ठाम होते, "मला आई चालती-बोलती हवी, खेळती नको."

एका सकाळी हे कामावर निघताना आत्ती खाटेवर उठून बसल्या. "हिकडं ये. बस."

हे बसले.

"मी पडलो त्ये खेळताना पडलो. न्हाणीत पडलो असतो तर न्हाणी बंद केली असतीस?"

"आई, तो आवश्यक नव्हता खेळ."

"तुला कुणी सांगिटलं आवश्यक न्हाय म्हनून? दोन वर्सं मी हितं पडून होतो, तुम्ही दोघं कामाला जायचासा. मी भित बघायचो. पोपडं मोजायचो. हिच्यासंगट भांडतो, हरतो, जिकतो, तवा संध्याकाळ व्हायची वाट बघू वाटतीया. माझी चूक झाली, एकट्यानं उभारायला नको हुतं. कबूल. पर चूक झाली म्हनून माणूस गाडून टाकत्यात व्हय?"

हे उठले आणि शिडी आणायला गेले. त्या दिवशी कामावर उशिरा पोहोचले.

फिजिओनं स्वतः येऊन सोप्याची पाहणी केली. खाट भिंतीपासून हलवून एका बाजूला घेतली, दुसऱ्या बाजूला जड टेबल, मागं हाताची खुर्ची. पडलं तरी धरायला काहीतरी मिळेल अशी जागा. उभं राहायचा खेळ कुणी सोबत असतानाच. एकटं असताना फक्त बसून. तिनं आत्तींकडून शब्द घेतला. आत्तींनी तो दिला, आणि माझ्या माहितीप्रमाणे पाळलाही.

फरक कसा पडला ते सांगणं अवघड आहे, कारण तो कधी पडला ते दिसलंच नाही. वारं गेल्यापासून रोज सकाळी मी त्यांना ब्लाउज घालून द्यायची. आखडलेला हात बाहीत घालताना त्या छताकडं बघत राहायच्या. साऱ्या गावाला दरडावणाऱ्या बाईला सुनेकडून कपडे घालून घ्यावे लागतात, याविषयी आम्ही दोघी कधी एक अक्षर बोललो नाही. एका सकाळी मी बाही पुढं धरली तर त्या म्हणाल्या, "थांब."

उजव्या हातानं त्यांनी बाही गुडघ्यावर पसरली. डावा हात हळूहळू लांब केला. कोपर सरळ झालं, पूर्ण नाही, पण झालं. बोटं बाहीच्या तोंडाशी अडकली. त्यांनी हात मागं घेतला, परत नेला. ओठ आवळलेले, कपाळावर घाम. मी हात पुढं केला नाही. बोटं आत गेली, मनगट गेलं, कोपर गेलं. मग उजव्या हातानं बाही खांद्यापर्यंत ओढून त्यांनी श्वास सोडला.

"शाळा न्हाय व्हय तुला? काय बघत बसलीयास?"

मी स्कूटर काढली, गावाबाहेर आले आणि उसाच्या कडेला थांबून मनसोक्त रडले. त्या दिवशी पहिल्या तासाला मुलांनी माझे डोळे पाहून फारच शहाण्यासारखं वागून दाखवलं.

याहून फार मोठं काही घडलेलं नाही. बोटं अजून पूर्ण उघडत नाहीत. फिजिओ म्हणते, बहुधा उघडणारही नाहीत. डाव्या हातानं ताट टेकवून धरता येतं, पेला उचलता येत नाही. काठी सुटली नाही, पण काठी घेऊन त्या चौकातल्या मारुतीपर्यंत एकट्या जाऊन येतात आणि येताना चार घरी बसून येतात. बाटल्यांच्या खेळाचा त्यांना आता कंटाळा आला आहे, माझ्या मुलानं पुण्याहून दुसरा शोधून दिला, त्यात पडद्यावर ढोल बडवायचे असतात. तो सुरू असला की घरात थांबवत नाही.

मागच्या महिन्यात चंदगडहून आत्तींच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या नवऱ्याच्या अंगावरून वारं जाऊन वर्ष झालं, माणूस खाटेवरून उठत नाही, डोंगरातलं गाव, पावसाळ्यात तर एस्टीसुद्धा वेळेवर नाही. ती फोनवर रडत होती. आत्तींनी तिला थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता ऐक. त्येला घिऊन हिकडं ये. म्हैनाभर ऱ्हावा. केंद्रातल्या पोरीला दावू. हात समदा येत न्हाय, आधीच सांगतो. पर थोडा येतोय." आणि शेवटी त्यांनी विचारलं, "आन् चिडका हाय का गं त्यो अजून?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मग हुतंय," आत्ती म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात देऊन तिला गाडीची वेळ सांगायला लावली.